हाताआधी वाजतंय

चवथ, म्हणजे आमच्या गोव्यातली गणेश चतुर्थी, चार दिवसांवर आली होती. फोंड्यातलं माझं दुकान तसं लहानच, त्यात लग्नांचे व्हिडिओ, भजनांची रेकॉर्डिंगं आणि या दिवसांत आरत्यांचे पेनड्राइव्ह. सकाळी वाळपईच्या पलीकडून दोघे आले, तिशीतला एक मुलगा आणि सत्तरी ओलांडलेले त्याचे काका. मुलाचे वडील गावातल्या घुमट आरतीचे बुवा; घुमट म्हणजे कातडं ताणलेलं मातीचं वाद्य. ते जाऊन वर्ष झालं होतं आणि यंदा माटोळीखाली, गणपतीवर टांगलेल्या पानाफळांच्या छताखाली, त्यांचीच आरती लावायची, असं घरात ठरलं होतं.

"आवाज दबल्यासारखा येतो, दादा. जरा साफ करून द्या," मुलगा म्हणाला.

फाइल लावली. घुमट ठीक होतं, पण कासाळी, म्हणजे आमचे टाळ, पाण्यात बुडवून वाजवल्यासारखी येत होती. दोन मिनिटं ऐकल्यावर काकांनी हेडफोन मागितला. त्या रेकॉर्डिंगात शामेळ, म्हणजे काड्यांनी वाजवायचं चर्मवाद्य, त्यांचंच. डोळे मिटून बसले, बोटं मांडीवर चालू. मग हेडफोन काढून म्हणाले, "पात्रांव, हे माझ्या हाताआधी वाजतंय."

मला आधी हसूच आलं. मग त्यांनी सांगितलेल्या जागी स्क्रीनवर आवाजाची लाट मोठी करून पाहिली. काडी पडायच्या आधी, जिथे शांतता असायला हवी तिथे, खरखरीचा बारीक फुगवटा होता. आमच्या धंद्यात याला प्री-इको म्हणतात. एमपीथ्री आवाजाचे तुकडे करून साठवतं, एकेक तुकडा ५७६ नमुन्यांचा, म्हणजे सेकंदाचा जेमतेम पंचाहत्तरावा भाग. कुठल्या तुकड्यात किती काटकसर चालेल याचा हिशेब असा, की मोठ्या आवाजाच्या आड लपेल तेवढी घाण खपवून घ्यायची. पण ठोका तुकड्याच्या शेवटी पडला तर ती घाण अख्ख्या तुकड्यावर पसरते, ठोक्याच्या आधीही. चांगलं सॉफ्टवेअर अशा जागा ओळखून तुकडे आणखी बारीक करतं. हे काम ज्यानं केलं होतं तो बहुतेक 'फास्ट'वर टिक करून चहाला गेला असावा.

कोणी केलं होतं? फाइलची माहिती उघडली. १२८ केबीपीएस, म्हणजे एका सेकंदाच्या आवाजाला १२८ हजार बिट, एवढीच जागा. कॉमेंटच्या रकान्यात एक लँडलाइन नंबर. आमच्या जुन्या दुकानाचा.

मुलाला लगेच सांगितलं नाही. आधी खुर्ची पुढे ओढली, उगाच माउस इकडून तिकडे केला.

२००६ च्या सुमारास आम्ही हेच विकायचो, 'तुमच्या सगळ्या कॅसेटी एका सीडीत'. साठ मिनिटांची कॅसेट सीडीच्या दर्जानं साठवली तर सव्वासहाशे एमबीच्या वर जाते, म्हणजे एका सीडीत एकच. १२८ ला तीच ५८ एमबीत बसते, एका सीडीत डझनभर मावतात. माझ्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क ४० जीबीची, त्यामुळे मूळ फाइल ठेवायची चैन नव्हतीच. गिऱ्हाईक खूश, मी खूश. त्या वेळी कोणी तक्रार केल्याचं आठवत नाही. पण तेव्हा हे काका दुकानात आले नव्हते.

"मूळ कॅसेट आहे का हो?" मी विचारलं.

मुलगा नाही म्हणेपर्यंत काकांनी कापडी पिशवीतून ती काढून काउंटरवर ठेवली. "हा फेकायला निघाला होता." लेबलवर बॉलपेननं 'चवथ १९९४'.

गोव्याच्या पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे कॅसेटची काय कथा. टेपच्या कडेला पांढरी पूड होती आणि स्पंजचा दाब देणारा तुकडा गळून पडला होता. ती तशीच डेकमध्ये घातली असती तर टेपही गेली असती आणि डेकचं हेडही घाण झालं असतं. पाच स्क्रू काढले, बुरशी कोरड्या कपड्यानं हलक्या हातानं टिपली, दोन्ही रिळं एका नव्या कॅसेटच्या खोक्यात बसवली. मग डेकवर लावून बारीक स्क्रूड्रायव्हरनं हेडचा कोन फिरवत गेलो. एका जागी कासाळी एकदम उघडली. काका न सांगता उठून उभे राहिले.

आता माझ्या फुशारकीबद्दल. गेली कित्येक वर्षं मी गिऱ्हाइकांना ऐकवतोय की एमपीथ्रीत संगीताचा जीव जातो, काहीच न दाबलेली वेव्ह फाइल घ्या, आणि तिचे जादा पैसे लावतोय. दुपारी जेवणाच्या वेळी शटर अर्धं ओढून आम्ही परीक्षा केली. कॅसेटवरून घेतलेली वेव्ह फाइल, तिचीच ३२० ची एमपीथ्री, आणि माझी जुनी १२८ ची करणी, तिन्हींचा आवाज समान पातळीला आणलेला. कॉम्प्युटर लपवून लावणार, आपण फक्त ओळखायचं. जुनी फाइल काकांनी एकदाही चुकवली नाही. वेव्ह आणि ३२० मध्ये मात्र त्यांनी तिसऱ्या फेरीत हात टेकले, "दोन्ही सारखंच रे." मी हट्टानं सोळा फेऱ्या केल्या. नुसती नाणेफेक करून आठ बरोबर येतात. माझे नऊ आले. नशिबाला बाजूला सारायला निदान बारा तरी लागतात.

मुलगा मोबाइलमध्ये तोंड घालून हसत होता.

तसं पाहिलं तर १२८ वर सगळा दोष टाकणंही बरोबर नाही. साध्या कॅसेटवर फार वरचे स्वर नसतातच, तिथे असते टेपची सळसळ. आणि सळसळीला कुठलाच आकार नसल्यामुळे ती साठवायला सर्वांत महाग. माझ्या त्या फाइलनं निम्मी ताकद सळसळीवरच उधळली असणार, उरलेल्यात कासाळी आणि शामेळ. व्हिडिओत हे डोळ्यांना तरी दिसतं. आरतीचा धूर, वाऱ्यानं हलणारी माटोळीची पानं, हे सगळं व्हॉट्सअॅपवरून आलं की चौकोन चौकोन होतात. मखरातला लाल रंग कडेला फाटतो, कारण रंगांचा तपशील उजेडापेक्षा कमीच साठवला जातो. लोक चौकोनांबद्दल लगेच बोलतात, बिघडलेल्या आवाजाला मात्र 'दबलाय' एवढाच शब्द आहे.

२०१९ साली सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य जाहीर केल्यापासून अशा कॅसेटी जास्त येतात. मी त्या आता वेगळ्या पद्धतीनं घेतो असं वाटत होतं. मग कॅसेट पुढे चालली.

दुसरी आरती संपली आणि जुन्या फाइलमध्ये लगेच तिसरी सुरू व्हायची. टेपवर मध्ये बावीस सेकंद होते. कोणीतरी खोकतो, भांड्याचा आवाज, मग बुवांचा आवाज अगदी माइकजवळ, "शामेळ जरा सावकाश, रे. आरती देवाची, घाई तुझी." मागे चारपाच जण हसतात. त्यात एक हसू कोवळं, काकांचं.

हे बावीस सेकंद एमपीथ्रीनं खाल्ले नव्हते. कॉम्प्रेशन कानाला ऐकू येणार नाही तेवढंच टाकायचा प्रयत्न करतं, चुकतं तरी नियमानं चुकतं. ही जागा मी कापली होती. तेव्हा आम्ही 'गॅप काढून देतो' अशी जाहिरातही करायचो. गाणं नाही, म्हणजे कचरा.

आता मात्र नंबर कोणाचा ते सांगितलं. मुलगा काही बोलला नाही. काका म्हणाले, "तेव्हा मलाही नको असतं ते. शिव्याच खाल्ल्या होत्या ना."

संध्याकाळी पेनड्राइव्हवर दोन फोल्डर करून दिले, एकात फ्लॅक, म्हणजे काही न गमावता लहान केलेली फाइल, ठेवायला, एकात ३२० ची एमपीथ्री, वाजवायला. सळसळ थोडीच कमी केली, गॅप एकही काढला नाही. पैसे घ्यायचे नव्हते, पण काकांनी ठेवलेच, वर सुटे परत घेतले नाहीत.

जाता जाता त्यांनी आपला मोबाइल पुढे केला. "ते बोललाय ना तो, तेवढंच माझ्या व्हॉट्सअॅपवर घाल."

मी तोंडावर आलेलं बिटरेटचं गिळलं आणि बावीस सेकंद कापून पाठवले. काका दुकानाच्या पायरीवर फोन कानाला लावून बसले. बस यायला वीस मिनिटं होती.