लामालेरा: ताटातला मका

लामालेराला मी पाच दिवस राहिले. बाली, कुपांग, तिथून छोट्या विमानाने लेवोलेबा, हे सगळं आता एकमेकांत मिसळून गेलंय आणि त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लिहायला बसलेय ते एका ताटामुळे. घरी येऊन तीन आठवडे झाले तरी ते ताट डोक्यातून जात नाही.

लामालेरा म्हणजे इंडोनेशियाच्या लेम्बाता बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं गाव, मागे डोंगर, पुढे खोल समुद्र. इथली माणसं लाकडी होड्यांतून स्पर्म व्हेलची, म्हणजे दात असलेल्या एका मोठ्या देवमाशाची, शिकार करतात, कित्येक पिढ्या. होडीच्या नाळेवर बांबूचा मचाण असतो, त्याच्यावर लामाफा उभा राहतो म्हणजे भालाईत, आणि तो भाला नुसता फेकत नाही तर भाल्यासकट स्वतः उडी मारतो, सगळं अंगाचं वजन घालून. व्हिडिओ पाहिले असतील तुम्ही. मी जाण्यापूर्वी एक पाहिला होता आणि अर्ध्यात बंद केला, पाणी लाल झाल्यावर.

लेवोलेबाहून बाईकवर मागे बसून गेले. चालवणारा पोरगा लामालेराचाच, थोडं इंग्रजी येणारा, पुढे पाच दिवस तोच माझा दुभाषी. गाव दिसायच्या आधी वास आला. मी रत्नागिरीची, मिरकरवाड्याच्या वासात वाढलेली, सुक्या मासळीचं मला काही वाटत नाही, पण हा वास वेगळा होता, जड, तेलकट, कपड्यांना चिकटणारा. दारोदार बांबूच्या मांडवांवर काळ्या पट्ट्या वाळत घातलेल्या, बोंबील घालतो तशाच, आणि त्यांच्यातून तेल ठिबकत होतं ते खाली उभ्या चिरलेल्या बांबूत गोळा होत होतं. काही आठवड्यांपूर्वी सापडलेला कोतेक्लेमा, पोरगा म्हणाला. कोतेक्लेमा म्हणजे स्पर्म व्हेल. आपल्याकडे ज्याच्या उलटीच्या तस्करीत माणसं पकडली गेल्याच्या बातम्या येतात तोच हा.

ज्या घरी राहिले तिथली बाई साठीच्या पुढची, विधवा, एक मुलगा होडीवर जाणारा. सगळे तिला इना म्हणायचे, तिकडच्या भाषेत आई, मग मीही इनाच म्हणायला लागले. ती मला नोना म्हणायची, म्हणजे पोरी. पहिल्या सकाळी ती चुलीजवळ बसून मका भाजत होती, मातीच्या भांड्यात, आणि चुलीवरचे गरम दाणे चिमटीने उचलून दगडावर ठेवायचे आणि दुसऱ्या हातातल्या दगडाने एकच ठोका, दाणा चपटा, बाजूला, पुढचा. बोटं भाजत कशी नव्हती कोण जाणे. जागुंग तिती म्हणतात त्याला. अगदी आपले पोहेच, फक्त मक्याचे. मी तासभर बघत बसले आणि मला फार बरं वाटलं, घरी आल्यासारखं.

दुपारी तिने ताट वाढलं. एका बाजूला ते मक्याचे पोहे, एका बाजूला रस्सा आणि त्यात काळपट मांसाचे तुकडे. मला माहीत होतं हे येणार, मी विमानातच ठरवलं होतं काय करायचं ते. मी हात जोडून पोराला म्हटलं, सांग हिला, मी हे खात नाही, फक्त मका घेते. पोराने सांगितलं. इनाला राग वगैरे काही आला नाही. तिने वाटी उचलली, मक्याचा ढीग माझ्याकडे सरकवला आणि काहीतरी बोलली, पोरगा जरा घुटमळला आणि मग म्हणाला, ती म्हणते खा, पण हा मकाही कोतेक्लेमाचाच आहे.

या गावात काही पिकतच नाही, सगळा कातळ. बाया मांसाच्या पट्ट्या टोपलीत भरून डोक्यावर घेतात, डोंगरातल्या गावांत चालत जातात आणि बदल्यात मका, केळी, कंद घेऊन येतात. दर शनिवारी वुलांदोनीला बाजार भरतो तिथेही हाच व्यवहार, आणि मी पुढे तो पाहिला. बाया समोरासमोर बसलेल्या असतात पण शिट्टी वाजेपर्यंत कोणी हात लावत नाही, शिट्टी वाजली की एकदम गलका. वजनकाटा नाही, मोजणी. इतक्या पट्ट्यांना इतकी कणसं. ज्या घरात शिकारीला जाणारा पुरुष नाही तिथेही देवाणघेवाणीतून मांस पोचतं, आणि मांस पोचलं की मका येतो.

तर मी ज्याला शाकाहारी घास समजत होते तो त्याच व्हेलचा होता. मी जेवले. मांस नाही खाल्लं, मका खाल्ला, पण घास गिळताना मला रडू येत होतं आणि ते इनाला दिसलं.

तिला कारण सांगायचं म्हणून मी फोन काढला. 2023 च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू किनाऱ्याला लागलं होतं, मी तेव्हा माहेरी होते आणि भावाबरोबर गेले होते. जिवंत होतं. लोक बादल्यांनी पाणी ओतत होते, अंगावर ओली फडकी टाकत होते, फराळाची ताटं सोडून आलेली माणसं, अनोळखी बाया त्याच्यासाठी गणपतीला हात जोडत होत्या. ओहोटीला ते रेतीत रुतायचं आणि भरतीची वाट बघायची, असे 40 तासांहून जास्त गेले. शेवटी खोल पाण्यात नेऊन सोडलं. आणि ते मेलं. ते कळलं त्या रात्री माझी आई जेवली नाही.

हे सगळं मी पोराकरवी सांगितलं आणि फोटो दाखवला. मला वाटलं इना म्हणेल, एवढं मांस आणि कोणी खाल्लं नाही? तिने फोन जवळ धरला, मग लांब, मग गळ्याखालच्या त्या उभ्या रेघांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, केलारू.

केलारू म्हणजे असे गळ्याला चुण्या असलेले, बिनदाताचे मोठे देवमासे. लामालेरात त्यांना कोणी भाला मारत नाही. त्यांच्या पूर्वजांना समुद्रात अशा एका देवमाशाने वाचवलं अशी कथा आहे, म्हणून तो वर्ज्य. इनाने शेजारणीला हाक मारली, तिने तिसरीला, फोन हातोहात फिरला आणि त्या सगळ्या माझ्याकडे बघून मान डोलवत होत्या, तुमच्याकडेही याला वाचवतात तर, असं. मी काहीच बोलले नाही. मला कोतेक्लेमाबद्दलही तेच वाटतं, हे त्या क्षणी सांगायला हवं होतं का, अजून ठरवता येत नाही.

कारण मला ते खरंच वाटतं. स्पर्म व्हेलची मादी पिल्लाला वर्षभराहून जास्त पोटात वाढवते, दोन वेतांमध्ये कित्येक वर्षं जातात, आणि आई खोल पाण्यात शिकारीला गेली की कळपातल्या बाकीच्या माद्या तिचं पिल्लू सांभाळतात. कळपातल्या एकाला भाला लागला तर बाकीचे पळून जातीलच असं नाही, भोवती गोळा होतात. मरायला वेळ लागतो, सुरे वापरावे लागतात. पोरगा म्हणाला पिल्लूवाली आम्ही सोडतो. त्याने मनापासून सांगितलं, पण लाटांत उडी मारताना ते प्रत्येक वेळी दिसत असेल यावर माझा विश्वास बसत नाही, आणि हे मी त्याला सांगितलं. तो गप्प राहिला.

पण दुसऱ्या घरात उतरलेलं एक युरोपियन जोडपं संध्याकाळी किनाऱ्यावर भेटलं आणि त्यांचं बोलणं ऐकून माझं डोकं फिरलं. आता होड्या इंजिनाने ओढत नेतात म्हणजे ही परंपरा उरलीच नाही, मग बंदच करावी, असं त्यांचं म्हणणं. इंजिनावरून गावातही म्हाताऱ्यांची भांडणं झालीत, त्यांना हा प्रश्न कोणी बाहेरून येऊन शिकवायला नको. 1973 साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेनेच इथे नॉर्वेचा शिकारी पाठवला होता, आधुनिक पद्धतीने देवमासे मारायला शिकवायला! ते टिकलं नाही. त्यानंतर दहाएक वर्षांत जगाने व्यापारी शिकारीवर बंदी ठरवली. विसाव्या शतकात मोठ्या जहाजांनी जवळपास 29 लाख देवमासे मारले, तेलासाठी, साबणासाठी, मार्गारिनसाठी. लामालेरात चांगल्या वर्षी वीसेक सापडतात, काही वर्षी त्याहून खूपच कमी. आणि हिशेब इनाकडे मागायचा? एक व्हेल मेला तरी तो त्या व्हेलसाठी सगळंच आहे हे मला मान्य आहे, पण ‘बंद करा’ म्हणणाऱ्याने पुढच्या शनिवारी इनाच्या टोपलीत काय असेल तेही सांगावं. मी त्यांना हेच विचारलं. माझ्याकडे तरी कुठे उत्तर होतं.

पाच दिवसांत बालेओ! अशी हाक एकदाही आली नाही. व्हेल दिसला की गावभर ती आरोळी जाते. रोज पहाटे होड्या जायच्या आणि दुपारी रिकाम्या यायच्या, आणि किनाऱ्यावर बसून मी मनातल्या मनात देवाला म्हणत होते की आज नको, मी असेपर्यंत नको. शेजारी इना बसलेली असायची, हातात जपमाळ (सगळं गाव कॅथलिक आहे), आणि ती बरोबर उलटं मागत असणार. हे जाणवलं त्या दिवसापासून मी तिच्याशेजारी बसायचं बंद केलं, जरा लांब बसायला लागले, आणि तिला वाटलं मला वास सहन होत नाही. तिने पोराकरवी तसं विचारलंसुद्धा. मी नाही नाही म्हटलं, पण खरं कारण सांगितलं नाही. ते मला अजून खातंय.

निघताना तिने जागुंग तितीची पिशवी दिली, दोन किलो तरी असेल, एकेक दाणा ठोकलेला. माहेरी गेले तेव्हा आईला दिली. तिने दुधात गूळ घालून भिजवले, म्हणाली गोड आहेत गं, कुठून आणलेस. मी सगळं सांगितलं, ताटापासून केलारूपर्यंत. तिने वाटी खाली ठेवली, बराच वेळ काही बोलली नाही आणि मग विचारलं, त्या बाईच्या मुलाला त्यानंतर काही मिळालं का गं?

त्या पोराला मेसेज करून विचारलंय. अजून उत्तर आलेलं नाही.