गेलच्या नावाच्या ४२ चिठ्ठ्या

हंगर गेम्स ही पुस्तकं म्हटलं की बहुतेकांना धनुष्यबाणवाली मुलगी आठवते, नाहीतर पिक्चरमधला तो आगीचा ड्रेस. मला आधी चिठ्ठ्या आठवतात. ज्यांनी वाचलं नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, पॅनेम नावाचा देश आहे, उत्तर अमेरिका उद्ध्वस्त झाल्यावर उरलेला, एक श्रीमंत कॅपिटल आणि तिच्यासाठी राबणारे १२ डिस्ट्रिक्ट. या डिस्ट्रिक्टांनी पूर्वी बंड केलं होतं, ते मोडून काढलं, आणि त्याची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून १२ ते १८ वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी काढून उचलायची, अशी २४ पोरं रानात सोडायची, एकच उरेपर्यंत त्यांना एकमेकांना मारायला लावायचं आणि सगळ्या देशाने ते टीव्हीवर बघायचं. हेच ते हंगर गेम्स.

आता चिठ्ठ्यांचा नियम बघा. बाराव्या वर्षी तुमच्या नावाची एक चिठ्ठी, तेराव्या वर्षी दोन, असं करत अठराव्या वर्षी सात. इथपर्यंत सगळ्यांना सारखंच आहे. पण घरात खायला नसेल तर नावाची जास्तीची चिठ्ठी टाकायची आणि त्या बदल्यात एका माणसाला वर्षभर जेमतेम पुरेल एवढं धान्य नि तेल घ्यायचं, घरातल्या प्रत्येक माणसामागे अशी एकेक चिठ्ठी टाकता येते, आणि या चिठ्ठ्या दरवर्षी साठत जातात, कमी होत नाहीत. गोष्टीची नायिका, म्हणजे ती धनुष्यबाणवाली मुलगी, कॅटनिस. तिच्या घरी आई, धाकटी बहीण प्रिम आणि ती, म्हणजे नेहमीची एक धरून वर्षाला चार चिठ्ठ्या, सोळाव्या वर्षी २०. तिचा मित्र गेल अठरा वर्षांचा, घरात पाच माणसं, वर्षाला सहा, सात वर्षांच्या झाल्या ४२. आणि मेयरच्या मुलीच्या नावावर फार तर पाच.

मी आमच्या सोसायटीत शाळकरी मुलांचा छोटासा वाचनकट्टा चालवते, तिथे नववीतल्या एका मुलीने हा हिशोब वहीच्या मागच्या पानावर मांडला होता, रकाने वगैरे आखून, आणि उत्तर बरोब्बर ४२ आल्यावर ती एकदम चिडली. "ताई, म्हणजे हे लकी ड्रॉ नाहीचे ना, ज्याच्या घरी भूक जास्त त्यालाच जायचंय!" तिला कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं, बेरीज करता करता तिचं तिलाच ते दिसलं. मला विचाराल तर या सगळ्या पुस्तकांचं आकर्षण तिथेच आहे. मोठ्यांनी केलेला एखादा नियम वरवर सगळ्यांना सारखा दिसतो पण तसा नसतो, हे तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना आतून जाणवत असतं, फक्त ते सिद्ध करता येत नसतं, आणि हे पुस्तक त्यांच्या हातात आकडे देतं. वर गेल हेही बोलून दाखवतो की जे उपाशी आहेत आणि ज्यांना रात्रीच्या जेवणाची खात्री आहे त्यांनी आपसात एकमेकांचा राग करावा म्हणूनच ही सोय केलीय, म्हणजे कॅपिटलकडे कुणी बघायलाच नको.

"मुलं मुलांना मारतात असली पुस्तकं कशाला देता वाचायला," हे मला पालक विचारतात, आणि त्यांची काळजी खरी आहे, मी ती उडवून लावत नाही. पण मुलांचा बळी मागणारी गोष्ट आपल्याकडेही लहानपणापासूनच सांगतात की. एकचक्रा नगरी आठवा. बकासुराला रोज गाडाभर अन्न आणि एक माणूस, पाळी ठरलेली, आणि ज्या ब्राह्मणाच्या घरी पांडव उतरलेत त्याचीच पाळी येते. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी जाते, मुलगी म्हणते मी जाते, आणि नीट बोलताही न येणारा धाकटा मुलगा गवताची काडी उचलून म्हणतो की मी हिनेच त्या राक्षसाला मारतो. मग कुंती भीमाला पाठवते आणि प्रश्न मिटतो. हंगर गेम्सची लेखिका सुझान कॉलिन्सने सांगितलंय की तिच्या डोक्यात ग्रीकांची थिसिअसची गोष्ट होती, अथेन्सने सात मुलगे नि सात मुली क्रीटला मिनोटॉरच्या तोंडी पाठवायच्या ती, आणि वर एका रात्री टीव्हीवर चॅनल बदलताना एकीकडे रिॲलिटी शो आणि दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं असं एकात एक मिसळलं. तिचे वडील अमेरिकन हवाई दलात, व्हिएतनामला जाऊन आलेले, त्यामुळे युद्ध म्हणजे काय हे तिने घरातच पाहिलेलं. पण मला वाचताना सारखा तो गवताची काडी घेतलेला पोरगाच आठवत राहिला. भीम आलाच नसता तर? त्या पोराला खरंच गाड्यावर बसवून पाठवलं असतं तर? या प्रकारची सगळी चांगली पुस्तकं त्याचीच गोष्ट सांगतात असं मला वाटतं, सोडवायला मोठं माणूस येत नाही तेव्हा काडी हातात धरलेलं पोर काय करतं.

आणि ते काय करतं हे या पुस्तकांत फार बारकाईने येतं, मला ते प्रचंड आवडतं. बहिणीच्या जागी रानात गेल्यावर कॅटनिसपुढे पहिला प्रश्न मारामारीचा नसतोच, पाण्याचा असतो. ओठ फुटलेत, डोकं ठणकतंय, चालवत नाहीये, आणि तिला माहितीय की हेमिचने, म्हणजे तिच्याच डिस्ट्रिक्टच्या जुन्या विजेत्याने, जो आता तिचा मार्गदर्शक आहे, ठरवलं तर तो स्पॉन्सरच्या, म्हणजे आवडत्या खेळाडूला मदत पाठवणाऱ्या प्रेक्षकांच्या, पैशांतून छोट्या पॅराशूटने पाणी पाठवू शकतो. ती मागते. काहीच येत नाही. आधी तिला त्याचा भयंकर राग येतो, मग ती विचार करते की तो पाठवत नाहीये म्हणजे पाणी जवळच असणार, हाच त्याचा निरोप आहे. तशीच पुढे जाते, पडते, तर हाताला चिखल लागतो. पुढे तळं. आणि एवढं मिळूनही ती लगेच तोंड लावत नाही, आयोडीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबते! तो अर्धा तास वाचताना माझाच घसा कोरडा पडला होता. सोळा वर्षांच्या मुलाला दिवसभर कुणी ना कुणी काय करायचं ते सांगत असतं, आणि इथे त्याच्याच वयाची मुलगी एकटीने विचार करून बरोबर निर्णय घेते आणि त्या निर्णयावर तिचा जीव तरतो.

काहीजण म्हणतात की आजच्या मुलांना ही पुस्तकं आवडतात कारण त्यांचं आयुष्यच स्पर्धा झालंय, दहावी, बारावी, जेईई, नीट, सगळीकडे एकच जिंकणार. मला हे पटत नाही. तसं असतं तर मुलांना १ आणि २ नंबरच्या डिस्ट्रिक्टमधली ती लहानपणापासून ट्रेनिंग घेऊन आलेली पोरं आवडली असती, खरी तयारी तर त्यांचीच असते. पण आमच्या कट्ट्यावर त्यांचं कुणालाच काही पडलेलं नाही. मुलांना आवडते ती रू, १२ वर्षांची, ११ नंबरच्या शेतीवाल्या डिस्ट्रिक्टची, झाडांवरून उड्या मारत जाणारी. ती मरते तेव्हा कॅटनिस तिला फुलांनी झाकते, आणि थोड्या वेळाने पॅराशूटमधून एक पाव येतो, चंद्रकोरीच्या आकाराचा, वरून बिया लावलेला. रूच्या डिस्ट्रिक्टचा पाव. ज्यांच्याकडे स्वतःला खायला नाही त्या लोकांनी पैसे जमवून तो परक्या मुलीला पाठवलाय. हे पान मोठ्याने वाचायला घेतलं की मला मध्येच थांबावं लागतं, दर वेळी.

हंगर गेम्स २००८ ला आलं आणि नंतर अशा पुस्तकांची रांगच लागली. त्यातलं २००९ चं मेझ रनर, त्याचा पहिला अर्धा भाग मला खूप आवडतो, आठवणी पुसलेली मुलं भुलभुलैयाच्या मध्यात अडकलीयेत आणि त्यांनी आपापसात कामं वाटून घेतलीत, कुणी शेती बघतं, कुणी स्वयंपाक, कुणी रोज धावत जाऊन नकाशा काढतं. पुढे पुढे नुसती पळापळ होते. २०११ चं डायव्हर्जंट मुलींमध्ये तुफान चाललं, पाच गटांपैकी आपला गट कुठला ही मजा आहेच त्यात, पण मला ते कमी भिडतं, कारण त्या शहरात धान्य कुठून येतं, उपाशी कोण राहतं याचा हिशोब मनात उभा राहत नाही. भूक नीट मांडली नसेल तर बंडही खोटं वाटतं, हे माझं स्पष्ट मत.

आणि ज्यांना हे सगळं पोरकट वाटतं त्यांच्यासाठी एक गोष्ट. प्रिमचं नाव निघतं, कॅटनिस तिच्या जागी पुढे होते, तेव्हा १२ नंबरचे लोक टाळ्या वाजवत नाहीत. ते गप्प उभे राहतात, डाव्या हाताची मधली तीन बोटं ओठांना लावून पुढे धरतात. त्यांच्याकडची जुनी खूण, अंत्यविधीला कधीतरी दिसणारी, आभार आणि निरोप दोन्ही. २०१४ च्या मे महिन्यात थायलंडमध्ये लष्कराने सत्ता घेतली तेव्हा बँकॉकच्या रस्त्यांवर लोकांनी तीच तीन बोटं वर केली, आणि त्यासाठी लोकांना पकडलं गेलं. २०२१ ला म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावली तेव्हा तिथेही तीच बोटं, डॉक्टर, नर्स, कॉलेजची पोरं. शाळकरी मुलांसाठी लिहिलेल्या कादंबरीतली खूण आहे ही. सैन्यासमोर उभं राहताना लोकांना ती आपली वाटली, त्यामुळे पोरांचं पुस्तक म्हणून बाजूला सारायच्या आधी थोडा विचार करा.

आता २०२५ मध्ये सनराईज ऑन द रीपिंग आलंय, तरुण हेमिचच्या वेळची गोष्ट, पन्नासावे गेम्स, त्या वर्षी दुप्पट म्हणजे ४८ मुलं. (पुढे थोडं फोडतेय, वाचायचं असेल तर इथे थांबा.) हंगर गेम्सच्या दुसऱ्या भागात कॅटनिस आणि तिच्याच डिस्ट्रिक्टमधून तिच्याबरोबर गेलेला मुलगा पीटा हेमिचच्या गेम्सची जुनी टेप बघतात आणि आपणही त्यांच्याबरोबर ती खरी मानतो. नवीन पुस्तकात कळतं की त्या टेपमधून काय काय कापलं होतं, हेमिचने गेम्स मोडायचा केलेला प्रयत्न सगळा गायब, आणि चिठ्ठी काढतानाचा प्रसंगसुद्धा टीव्हीसाठी परत उभा केलेला. ज्यांच्याकडे दोन्ही आहेत त्यांनी नवीन वाचून झाल्यावर दुसऱ्या भागातलं टेपचं प्रकरण परत काढून वाचा, सलग, आणि तुम्हाला काय काय सापडलं ते मला नक्की कळवा, माझी यादी चालू आहे.