बॉनेटवर नको, हातात धरा

दर डिसेंबरात हलग्याच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं आणि बेळगावच्या रस्त्यांवर बॉनेटवर तिरंगा लावलेल्या गाड्या धावायला लागतात. त्या बघून बघून आमच्या वडगावातल्या पोरांच्या डोक्यात एकच चित्र बसलेलं: झेंडा म्हणजे बॉनेटवर, चकचकीत दांडीला, आणि गाडी जोरात. त्यामुळे मंडळाने स्वातंत्र्यदिनाला दुचाकी रॅली काढायचं ठरवलं तेव्हा वर्गणीच्याही आधी मागणी आली ती दांड्यांची. गाड्यांच्या सामानाच्या दुकानात त्या मिळतातच. त्यात पुढे चालणाऱ्या बोलेरो पिकअपच्या बॉनेटवर मोठा तिरंगा ताणून बांधायचा, असाही एक बेत होता. फोटो झकास येतो म्हणे.

झेंड्यांचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी खजिनदार, शिवाय घरात पॉवरलूम. कापडाचं याला कळतं, म्हणजे झेंड्याचंही कळणार, असा हिशेब.

मी आधी भारताची ध्वजसंहिता उघडली. २६ जानेवारी २००२ पासून ती लागू आहे आणि केंद्रीय गृहमंत्रालयाने ती सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे. फार मोठी नाही, एका बैठकीत वाचून होते. घरावर, दुकानावर, शाळेवर कुणीही सन्मानाने झेंडा लावावा, याला तिथे मोकळीक आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २००४ मध्ये उद्योगपती नवीन जिंदाल यांच्या खटल्यात हा नागरिकाचा हक्क मानला. मोटारीची गोष्ट मात्र निराळी. मोटारीवर तिरंगा फडकवण्याचा मान कुणाचा, याची यादीच दिलेली आहे. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल आणि नायब राज्यपाल, परदेशातल्या आपल्या वकिलातींचे प्रमुख, पंतप्रधान, केंद्राचे आणि राज्यांचे मंत्री, संसदेतले आणि विधिमंडळांतले पीठासीन अधिकारी, सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांचे न्यायाधीश. संपली यादी.

ती मी बैठकीत वाचून दाखवली तेव्हा एकजण लगेच म्हणाला, "आणि आमदार कुठाय गा यात?"

नाही. आमदार नाही, खासदार नाही, महापौर नाही, जिल्हाधिकारीसुद्धा नाही. हे ऐकून पोरांना जो आनंद झाला तो काय सांगू! आपल्याला मिळत नाही याचं दुःख निम्म्याहून जास्त तिथेच हलकं झालं.

ज्यांना मान आहे त्यांनाही वाटेल तसा लावता येत नाही. दांडी बॉनेटच्या मधोमध पुढे किंवा गाडीच्या पुढच्या उजव्या बाजूला, पक्की बसवलेली हवी. मोटारीच्या झेंड्याचं मापही ठरलेलं: २२५ बाय १५० मिलिमीटर. परदेशी पाहुणा सरकारी गाडीत असेल तर आपला झेंडा उजवीकडे, त्यांचा डावीकडे.

आता ध्वजसंहिता हा काही संसदेने केलेला कायदा नव्हे, त्या सूचना आहेत, असा मुद्दा आमच्यातल्या एका वकिलीच्या विद्यार्थ्याने काढला. मुद्दा बरोबर होता. पण त्याच्या जोडीला राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाला आळा घालणारा १९७१ चा कायदा आहे, आणि वाहनाच्या टपावर, बॉनेटवर, बाजूंना किंवा मागे झेंडा अंथरणं-गुंडाळणं त्यात अवमान म्हणून स्पष्ट लिहिलंय. तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. दांडीवर वाद घालता येईल, बॉनेटवर ताणलेल्या झेंड्यावर नाही.

तरी पोरं पिकअपचा हट्ट सोडेनात. "सगळे लावतात की! आम्हालाच काय धरतंय कोण?" शेवटी मी गल्लीतल्या सुभेदार मामांना बैठकीला घेऊन आलो. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले. आमच्याकडे मराठा सेंटरमधून गेलेला माणूस घरटी नाही तरी गल्लीत एखादा असतोच. मामांनी संहिता वगैरे काही काढली नाही. त्यांनी विचारलं, "गाडीवर अंथरलेला झेंडा तुम्ही कधी बघितलाय काय रे?" कुणी बोललं नाही. "मी बघितलाय. पेटीवर. सांबऱ्याला विमान उतरतंय, मग फुलांनी सजवलेला मिल्ट्रीचा ट्रक गावाकडे जातोय, आणि आत पेटीवर तिरंगा. केशरी बाजू डोक्याकडं. आणि तोसुद्धा चितेत जात नाही, आधी काढून घेतात. आता घाला बोलेरोवर."

बोलेरोचा विषय त्या रात्री संपला. माझ्या कलमांनी जे झालं नाही ते मामांच्या चार वाक्यांनी झालं, आणि ते तसंच व्हायला हवं होतं.

मग झेंडा न्यायचा कसा? हातात. मागे बसलेल्याने काठीसकट धरायचा, सरळ, केशरी वर, काठी गाडीला बांधायची नाही. चालवणाऱ्याच्या हातात झेंडा नाही, कारण एका हाताने गाडी चालवणं हा वेगळा गुन्हा आणि वेगळा मूर्खपणा. एकटा असेल त्याने झेंड्याशिवाय यायचं. यावर कुरकुर झाली, पण त्यामुळे प्रत्येक गाडीवर दोघे हवेत म्हणून नुसतं बघायला उभी राहणारी पोरंही रॅलीत आली.

झेंडे आणायला मी आधी रविवार पेठेत गेलो. ३० बाय २० इंचाचा पॉलिस्टरचा झेंडा गठ्ठ्याने मिळतो. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर पॉलिस्टरला आणि यंत्रावर बनवलेल्या झेंड्याला परवानगी आहे, त्यामुळे त्यात वावगं काही नाही. पण गठ्ठा सोडला आणि माझ्यातला विणकर जागा झाला. लांबी-रुंदीचं प्रमाण तीनास दोन हवं. काही झेंडे जवळजवळ चौकोनी. एकात अशोकचक्र लंबगोल, एकात पांढरा पट्टा हिरव्यापेक्षा बारीक, एकात चक्र मधोमध सोडून काठीकडे सरकलेलं. मी टेप काढून मोजायला बसलो. दुकानदार म्हणाला, "दादा, वर्षानुवर्षं हेच विकतोय, एक माणूस मोजत नाही." मी म्हटलं, आज एक सापडला. वाईट निघाले ते परत दिले, त्याने बदलूनही दिले. वर "मंडळाचं नाव छापून देऊ काय पांढऱ्यावर?" असंही विचारलं. झेंड्यावर कसलीही अक्षरं चालत नाहीत. नाव आम्ही वेगळ्या कापडी फलकावर रंगवून घेतलं, तो पिकअपला लावला, आणि बोलेरोवाल्याचीही हौस भागली.

मंडळासमोरच्या खांबावर सकाळी फडकवायचा झेंडा मात्र खादीचाच हवा, हा माझा हट्ट. त्यासाठी हुबळीला गेलो. तिथे बेंगेरीत कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ आहे. संघ १९५७ चा. भारतीय मानक ब्युरोच्या मानकाप्रमाणे तिरंगा बनवणारं केंद्र म्हणून त्याचं नाव देशभर आहे आणि शिवणकामाला बहुतेक बायका. कापडाचं सूत जवळच्याच धारवाड-बागलकोट भागातलं. पॉलिस्टरला परवानगी मिळाल्यावर तिथून नाराजीचा सूर निघाला होता. झेंडा हातात घेतला की तो सूर कळतो.

तो झेंडा मी उजेडासमोर धरून बघितला. केशरी, पांढरं, हिरवं ही तीन वेगळी कापडं, शिवून जोडलेली. शिवण दोन्हीकडून सारखी. चक्र दोन्ही बाजूंना छापलेलं, आणि उजेडात धरलं तरी आऱ्यावर आरा बसलेला, दुहेरी सावली नाही. मागच्या बाजूचं छापणं इतकं तंतोतंत जुळवणं म्हणजे काय कष्ट असतात, ते पदरावर बुट्टी जुळवणाऱ्याला विचारा. दोरी ओवायच्या बाजूची पट्टी वेगळ्या जाड कापडाची. मानकात नऊ मापं आहेत, ६३०० बाय ४२०० मिलिमीटरपासून टेबलावरच्या १५० बाय १०० पर्यंत. मंत्र्यांच्या गाडीचं मापही त्यांतलंच. तो झेंडा विकत घेता येतो. गाडीला लावायचा अधिकार विकत मिळत नाही.

पोलीस परवानगीचं काम मला वाटलं होतं तेवढं अवघड गेलं नाही. अर्ज कन्नडमध्ये टाइप करून घेतला. रॅलीचा मार्ग, वेळ, गाड्यांचा अंदाज, जबाबदार माणसांची नावं आणि फोन. मार्ग साधा ठेवला होता: वडगाव, शहापूर, गोवावेस आणि टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीपाशी समारोप. १९२४ चं काँग्रेस अधिवेशन तिथे भरलं. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. तेव्हा जागेबद्दल कुणाला हरकत असायचं कारण नव्हतं. साहेबांनी अर्ज वाचला, मार्गावर बोट फिरवलं आणि एकच गोष्ट विचारली, तीही विचारली नाही, सांगितली: "ब्यारे याव बावुटानू इरबारदु, नोड्री." दुसरा कुठलाही झेंडा नको.

सीमाभागाबाहेरच्या वाचकाला यात काय एवढं, असं वाटेल. आमच्याकडे एक नोव्हेंबरला एका बाजूला कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे लावलेल्या गाड्या आणि दुसरीकडे महाराष्ट्रात जाऊ इच्छिणाऱ्या मराठी माणसांचा काळा दिन, असा तो दिवस जातो. आमच्या निम्म्या पोरांच्या हँडलला भगवी पताका बारा महिने असते. ती उतरवायला सांगणं म्हणजे कुणाच्या तरी सांगण्यावरून उतरवणं होतं, आणि ते कुणालाच पचत नाही. मलाही नाही.

इथे मला संहितेचा खरा उपयोग झाला. तिरंग्याच्या वर, त्याच्यापेक्षा उंच किंवा त्याच्या शेजारी बरोबरीने दुसरा झेंडा नको, असं तिच्यात आहे. मिरवणुकीत दुसरे झेंडे असतील तर तिरंगा चालण्याच्या दिशेने उजव्या अंगाला, किंवा इतर झेंड्यांच्या रांगेच्या मध्यापुढे. म्हणजे बाकीच्यांना मनाई अशी नाही. जागेचा प्रश्न आहे. पण पन्नासेक गाड्या, गर्दी, सिग्नल, कोण उजवीकडे आणि कोण डावीकडे, हे सांभाळणार कोण? एकाच गाडीवर हँडलला पताका आणि मागच्याच्या हातात तिरंगा, म्हणजे शेजार झालाच. मी पोरांना एवढंच म्हटलं, पोलिसांचं सोडा, हा नियम उद्या लाल-पिवळा लावून येणाऱ्यालाही लागतोय. आणि शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत भगवा असतोच की, तिथे कोण काढायला सांगतंय? दोघांनी तरीही पताका काढली नाही. ते रॅलीला आले नाहीत. त्यांच्यावर राग धरावा असं मला वाटलं नाही.

रॅलीच्या सकाळी आमच्या ऑगस्टात असते तशी झिमझिम होतीच. पॉलिस्टर भिजलं की काठीला चिकटतं, मग पोरं काठी झटकत होती. झेंडा जमिनीला किंवा चाकाला लागू नये म्हणून शेवटच्या गाडीवर सुभेदार मामांना बसवलं होतं. ते तिथून सगळ्यांना "वर धर, वर धर" करत आले. तेवढ्यासाठी त्यांनी हेल्मेटची काच उघडी ठेवली आणि पूर्ण भिजले. वाटेत दुसऱ्या कुणाच्या तरी मोटारीच्या टपावर तिरंगा ताणून बांधलेला दिसला. आमच्या पोरांनी ज्या नजरेने त्याच्याकडे बघितलं, त्यावरून वाटलं, चार दिवसांपूर्वी हीच पोरं बोलेरोसाठी भांडत होती हे कुणाला खरं वाटणार नाही.

रॅली संपल्यावर झेंडे गोळा करणं हे खरं कंटाळवाणं काम, आणि बहुतेक मंडळं तिथेच हात आखडतात. आम्ही झेंडे देताना वहीत सही घेतली होती, परत घेताना नाव खोडलं. ओले झेंडे माझ्या घरी लूमच्या खोलीत दोरीवर वाळत घातले. खादीच्या झेंड्याची घडी मामांनी स्वतः घातली: केशरी आणि हिरवा पांढऱ्याच्या खाली दुमडायचे, मग दोन्ही बाजूंनी आत घेत आणायचं, म्हणजे वर फक्त चक्र आणि केशरी-हिरव्याचा थोडा भाग दिसतो. फाटलेले, रंग उडालेले झेंडे पुन्हा लावायचे नाहीत. ते खासगीत, सन्मानाने नष्ट करायचे, शक्यतो जाळून. कागदी झेंड्यांचंही तसंच, ते रस्त्यावर टाकायचे नाहीत. आम्ही गोवावेसपासून मागे वळून मुलांच्या हातून पडलेले कागदी झेंडे उचलत आलो. प्लॅस्टिकचेही बरेच सापडले, जे मुळात वापरूच नयेत असं गृहमंत्रालय दर वर्षी कळवतं.

डॅशबोर्डवरच्या छोट्या झेंड्याबद्दल मला नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. माझं मत सांगतो. तो काचेच्या आत असतो, फडकत नाही, तेव्हा त्यावरून कुणाला धारेवर धरू नये. पण उन्हात तो दोन-तीन महिन्यांत विटतो, केशरी पिवळट पडतो आणि मग तसाच वर्षभर देवाच्या फोटोशेजारी धूळ खात बसतो. विटलेला झेंडा लावायचा नाही हा नियम तिथेही लागू आहे. ठेवायचा तर दोन राष्ट्रीय सणांपुरता ठेवा आणि काढून घ्या.

ज्यांना अशी रॅली काढायची आहे त्यांनी अर्जासोबतच्या हमीपत्रात तीन गोष्टी आपणहून लिहून टाकाव्यात: झेंडा मागे बसलेल्याच्या हातात असेल, वाहनाला बांधला किंवा अंथरला जाणार नाही, आणि रॅलीनंतर सगळे झेंडे गोळा केले जातील. आमच्या साहेबांनी तो कागद वाचून पुढचं काही विचारलंच नाही. शिक्का मारला आणि एक प्रत ठेवून घेतली.