जावातील गावची जमीन

मध्य जावातील शेतकरी गावांच्या व्यवस्थेत मला सर्वांत लक्षणीय वाटते ती ‘बेंगकोक’ जमीन. गावाच्या मालकीची ही भातखाचरे सरपंच आणि इतर गावकारभाऱ्यांना पगाराऐवजी, पदावर असेपर्यंतच कसायला मिळत, आणि अनेक गावांत ती प्रथा अजूनही टिकून आहे. ज्यांच्याकडे स्वतःचे खाचर नाही, ती कुटुंबे दुसऱ्याचे शेत ‘मारो’ पद्धतीने, म्हणजे निम्म्या वाट्याने, कसतात. १९६० च्या जमीनविषयक मूलभूत कायद्याने हक्कांची नोंदणी करण्याची तरतूद केली खरी. तरी पुढे कित्येक घरांत वारशाच्या वाटण्या तोंडीच होत राहिल्या. त्यात मुलींनाही वाटा मिळतो, हे मला फार मोलाचे वाटते. घरामागच्या परसात नारळ, केळी, कसावा आणि चार कोंबड्या असतात. खाचर नसलेल्या घराला तेवढाच हक्काचा आधार असतो.