सिनसिनाटीचा नदीकाठ, आठ प्लेट: काम कुठवर आलं

अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहराच्या एका जुन्या छायाचित्राच्या आठ प्लेटांचे कागदी प्रिंट काढतोय. पाचव्या प्लेटचा प्रिंट माउंट बोर्डवर चढला. तीन बाकी आहेत.

नव्यांसाठी थोडक्यात सांगतो. 24 सप्टेंबर 1848, रविवार. चार्ल्स फाँटेन आणि विल्यम पोर्टर यांनी ओहायो नदीपलीकडच्या न्यूपोर्टमधल्या एका छपरावर कॅमेरा लावला आणि तो थोडाथोडा वळवत समोरच्या सिनसिनाटीचा जवळजवळ दोन मैलांचा काठ आठ डॅगेरोटाइप प्लेटांवर (धातूच्या पत्र्यावर छायाचित्र उमटवण्याची जुनी पद्धत) उतरवला. 1850च्या जनगणनेत या शहराची वस्ती एक लाख पंधरा हजारांवर होती. आगबोटींवर वाढलेलं शहर, त्यामुळे त्यांच्याच रांगा पुढे आहेत. धक्का मात्र उभ्या भिंतीचा नाही, उतरता आहे, कारण ओहायोचं पाणी फार चढतं-उतरतं. पाणी कुठेही असो, बोट काठाला लागू शकते.

प्रिंट मूळ मापाचेच काढतोय, प्रत्येकी साडेसहा बाय साडेआठ इंच. आठही सॉफ्टवेअरने जोडून एकसंध पट्टी का करत नाही, असं काहींनी विचारलं. कॅमेरा वळला की प्रत्येक प्लेट वेगळ्या कोनातून पाहते, म्हणून सरळ काठसुद्धा सांध्यापाशी किंचित मोडतो. तो मोड घालवायचा तर प्रतिमा वाकवावी लागते आणि इमारतींचा मूळ आकार जातो. शिवाय दर सांध्याला छायाचित्रकारांनी प्लेट बदलली आहे. ते त्यांचं काम आहे, मला ते दिसायला हवं. म्हणून सांधे तसेच राहणार.

आता बारकाव्याबद्दल. ही प्रतिमा चांदीच्या मुलाम्याच्या तांब्याच्या पत्र्यावर, पाऱ्याच्या वाफेने उमटलेली. फिल्मसारखे रवे दिसत नाहीत. जॉर्ज ईस्टमन हाउस या छायाचित्रण संग्रहालयात ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तेव्हा चर्चच्या मनोऱ्यावरचं घड्याळ वाचता आलं: एक पंचावन्न. प्लेटवर ती तबकडी जेमतेम मिलिमीटरभर! स्कॅन मोठा करून मी ते काटे पाहिले आणि बराच वेळ तिथून हललोच नाही.

अडलंय ते कागदावर. डॅगेरोटाइप आरशासारखा चमकतो, कोन बदलला की उजेडाचा काळोख होतो. साध्या मॅट कागदावर आकाश मेलेलं दिसतं, त्यामुळे सहाव्या प्लेटपासून मेटॅलिक पेपर (धातूसारखी चमक असलेला कागद) लावून बघणार आहे. त्यावर राखाडी छटा सांभाळून कुणी प्रिंट काढले असतील तर कोणतं प्रोफाइल (प्रिंटरसाठीची रंगछटांची सेटिंग) वापरलं ते जरूर सांगा.