एका दुधाच्या तीन पावत्या

कराडच्या बाजूला एका गावातल्या दूध संकलन केंद्रावर परवा जे झालं ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून काढतोय. मी अशा केंद्रांसाठी, पतसंस्थांसाठी, अडत दुकानांसाठी डेस्कटॉपवर चालणारे प्रोग्रॅम करतो. माझ्याकडे एक मुलगी काम शिकायला येते. डिप्लोमा झालेली, पायथनवर हात चांगला. संकलनाचा नवा स्क्रीन पूर्ण तिने केलेला, टीकिंटरमध्ये (पायथनसोबत येणारं, विंडो-बटणं करायचं साधन), आणि तो बसवायला आम्ही दोघं गेलो होतो.

सकाळची पाळी सहाला सुरू होते. लोक किटल्या घेऊन रांगेत उभे असतात. दूध काट्यावरच्या भांड्यात ओतायचं, नमुना ॲनालायझरला, म्हणजे दूध तपासायच्या यंत्राला, लावायचा, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) आलं की दरपत्रकातून दर लागतो, पावती निघते, दूध कॅनमध्ये जातं. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, तिथून पॉइंटागणिक वर-खाली होतो. दहा दिवसांनी दुधाचा पगार. म्हणजे स्क्रीनवरची एक चुकीची ओळ थेट कुणाच्या तरी घरखर्चात जाते.

काट्यावर अण्णा बसतात. डावा हात भांड्यावर, उजवा हात कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांवर. माउसला ते हात लावत नाहीत, कारण हात दुधाने ओले. इतकी वर्षं त्यांनी फॉक्सप्रोमधला काळ्या स्क्रीनचा प्रोग्रॅम चालवला: कोड, एंटर, लिटर, एंटर, फॅट, एंटर. मान वर न करता. टीकिंटरमध्ये मात्र चौकटीत एंटर दाबलं तर आपणहून काहीच होत नाही, आणि बटण दाबलं जातं ते स्पेसबारने. हे त्या मुलीने आधीच हेरलं होतं. मागच्या खेपेला ती अण्णांच्या शेजारी उभी राहून नुसते त्यांचे हात बघत होती, आणि घरी जाऊन तिने प्रत्येक चौकटीला एंटर बांधून दिलं. नोंद झाल्यावर कोड पुसायचा नाही हेही तिनेच ठरवलं, कारण एकाच घरातून गायीचं आणि म्हशीचं दूध वेगवेगळं येतं. कोड पुन्हा कशाला मारायला लावायचा? असा विचार करणारी मुलं फार थोडी भेटतात. बाकीची पोरं आधी बटणाला गोल कडा आणि सावली देतात.

काट्याचं वजन सिरियल केबलने थेट प्रोग्रॅममध्ये येतं. ओतल्या ओतल्या दूध हिंदकळत असतं, आकडा नाचतो, म्हणून तिने लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा तुकडा, लिहिला होता: लागोपाठचे काही आकडे सारखे येईपर्यंत वाचत राहा, मग नोंद करा. ऑफिसात काट्यावर पाण्याची बाटली ठेवून तपासलं तेव्हा आकडा लगेच ठरायचा. केंद्रावर भांडं दुधाने अर्धं भरलेलं, मागचे लोक टेबलाला टेकलेले. आकडा ठरायला तीन-चार सेकंद लागायला लागले.

गर्दी वाढल्यावर एका मावशींचं दूध आलं. ४.२ लिटर. अण्णांनी कोड मारला, एंटर दाबलं. स्क्रीन जागचा हलेना. अण्णांनी पुन्हा दाबलं, आणि पुन्हा. मग प्रिंटर सुरू झाला आणि एकामागोमाग तीन पावत्या बाहेर आल्या. तिन्हींवर तेच नाव, तेच लिटर, तेच पैसे.

मावशींनी त्या निरखून बघितल्या आणि दोन परत केल्या. “पोरी, म्या एकदाच घातलंय दूध. ह्या कुणाच्या?”

केंद्राचे सचिव आतून म्हणाले, “अण्णा, एकदाच दाबत जावा की ओ.”

अण्णा म्हणाले, “दाबल्यावर काय झालंच न्हाई. मग काय बघत बसू?”

माझ्या मते अण्णांचं शंभर टक्के बरोबर होतं. कुठल्याही ग्राफिकल प्रोग्रॅमच्या पोटात एकच फेरा चालू असतो. टीकिंटरमध्ये त्याला मेनलूप म्हणतात. कळ दाबली, माउस हलला, विंडो पुन्हा रंगवायची आहे, असं प्रत्येक काम रांगेत लागतं आणि तो फेरा एकेक उचलतो. वजनाचा लूप त्याच फेऱ्यात अडकला की काट्यावरचा माणूस चहाला गेल्यासारखं होतं: रांग मोडत नाही, नुसती वाढते. अण्णांचे जास्तीचे दोन एंटर हरवले नव्हते, रांगेत उभे होते. दूध अजून भांड्यातच, कोड तसाच, आकडा आता स्थिर. त्यामुळे पुढच्या दोन्ही नोंदी क्षणात झाल्या. विंडोज ‘प्रतिसाद देत नाही’ असं लिहितं, पण ते पाच सेकंद वाट बघून. आमचा अडथळा त्याच्या आतला, म्हणून काही अडलंय याची खूणच कुठे दिसली नाही.

मला राग आहे तो शिकवण्याच्या पद्धतीवर. कोर्समध्ये कॅल्क्युलेटर करून घेतात, लॉगिनचा फॉर्म करून घेतात, आणि दोन्हींत काहीच थांबत नाही. काटा, प्रिंटर, नेटवर्क यांची वाट बघणारा प्रोग्रॅम मुलांना पहिल्यांदा भेटतो तो थेट गिऱ्हाइकाच्या टेबलावर. टीकिंटरसारखीच दुसरी साधनं, क्यूटी घ्या, जावाचं स्विंग घ्या, नियम तोच आहे: वेळखाऊ काम वेगळ्या थ्रेडवर (प्रोग्रॅममध्येच समांतर चालणाऱ्या दुसऱ्या धाग्यावर), आणि स्क्रीनला हात फक्त मूळ थ्रेडने लावायचा. हा धडा बटणाच्या आधी यायला हवा.

त्या सकाळी उरलेली पाळी जुन्या फॉक्सप्रोवर काढली. दुपारी ऑफिसात तिने काट्याचं वाचन वेगळ्या थ्रेडवर नेलं. तो थ्रेड आकडे क्यूमध्ये, म्हणजे एका रांगेत, टाकतो, आणि स्क्रीन टीकिंटरचं ‘आफ्टर’ वापरून दर १०० मिलिसेकंदांनी क्यू बघतो. आकडा नाचत असेपर्यंत तो मोठ्या अक्षरात पिवळ्यावर दिसतो, ठरला की हिरवा होतो, आणि पिवळ्यावर दाबलेलं एंटर सोडून दिलं जातं. मग ती म्हणाली, “सर, एवढ्याने भागणार नाही. हिरवं झाल्यावर दोनदा दाबलं तर?” आणि तिने अट घातली: एक नोंद झाली की काटा शून्यावर आल्याशिवाय दुसरी घ्यायचीच नाही. एरवी कॅनमध्ये दूध ओतल्याशिवाय काटा शून्यावर येत नाही. गर्दीत टेअर (भांड्यात आहे ते वजन शून्य धरायचं काट्यावरचं बटण) दाबून दुसऱ्याचं दूध त्याच भांड्यात ओततात, तेव्हाही काटा शून्य दाखवतोच. म्हणजे प्रोग्रॅम आता कळा मोजत नाही, दूध मोजतो. हे मला सुचलं नव्हतं.

मावशींच्या खात्यावरच्या त्या दोन नोंदी मात्र अजून तशाच आहेत. सचिवांना त्या पुसून हव्यात, ‘डिलीट’चं बटणही हवंय. मी ते द्यायला तयार नाही. आज चुकीची नोंद पुसता आली तर उद्या खरी नोंदही पुसता येईल, आणि मावशींकडे पावतीशिवाय काहीच नाही. माझं म्हणणं, रद्द केलेल्या दोन्ही ओळी कारणासकट पगाराच्या कागदावर छापा. सचिव म्हणतात, लोक विचारत बसतील. मी म्हटलं, विचारू देत. पगार जवळ आलाय, त्याआधी पुन्हा केंद्रावर जाऊन हे मिटवायचंय.