तुम्ही विचारलंत म्हणून : तळ्यात जहाज बुडते कसे?

एडमंड फिट्झगेराल्ड या मालवाहू जहाजाचा विषय माझ्याकडून निघाला की ऐकणारा हमखास विचारतो, एवढे मोठे जहाज तळ्यात बुडतेच कसे? त्यातला अविश्वास मला समजतो, कारण तळे म्हटले की डोळ्यांपुढे पलीकडचा काठही येतो. अमेरिका आणि कॅनडा यांच्यामधले लेक सुपीरिअर मात्र सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर पसरलेले आहे, आणि नोव्हेंबरच्या वादळात तिथे पंचवीस फुटी लाटा उठू शकतात. पाणी गोडे, एवढाच काय तो समुद्राशी फरक.

९ नोव्हेंबर १९७५ रोजी दुपारी फिट्झगेराल्ड विस्कॉन्सिनमधल्या सुपीरिअर बंदरातून निघाले. पोटात टॅकोनाइटच्या, म्हणजे लोहखनिजाच्या, सुमारे २६,००० टन गोळ्या होत्या आणि डेट्रॉइटजवळच्या झग आयलंडला पोचायचे होते. कप्तान अर्नेस्ट मॅकसॉर्ली धरून जहाजावर २९ माणसे होती. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमारास मॅकसॉर्लींनी मागून येणाऱ्या आर्थर अँडरसन या जहाजाला रेडिओवरून कळवले की कठडा तुटला आहे, दोन व्हेंट, म्हणजे हवेच्या नळ्यांची तोंडे, गेले आहेत आणि जहाज एका बाजूला कलले आहे. पुढे दोन्ही रडार बंद पडले, किनाऱ्यावरच्या व्हाइटफिश पॉइंटचा, जहाजांना दिशा दाखवणारा रेडिओ-बीकनही बंदच होता, तेव्हा काळोखात अँडरसननेच त्यांना दिशा सांगायची, असे ठरले. संध्याकाळी सातनंतर अँडरसनवरून विचारणा झाली, तुमच्या अडचणीचे कसे काय चालले आहे? मॅकसॉर्लींनी उत्तर दिले, “आम्ही तग धरून आहोत.” त्यानंतर थोड्याच वेळात अँडरसनच्या रडारवरून जहाजाचा ठिपका नाहीसा झाला. मदतीची हाक कोणीही ऐकली नाही आणि २९ जणांपैकी एकाचाही मृतदेह हाती लागला नाही.

मला गूढ वाटते ते जहाज बुडण्यापेक्षा ही न आलेली हाक. जहाज ७२९ फूट लांब होते आणि जिथे ते बुडाले तिथे पाण्याची खोली सुमारे ५३० फूट आहे. लांबी खोलीपेक्षा जवळजवळ २०० फुटांनी जास्त असल्याने नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, लाटेत घुसून तळाला टेकली तेव्हा मागचा भाग अजून पाण्यावर असावा, असे काही जाणकार मानतात. तसे झाले असेल तर रेडिओ हातात घ्यायलाही कोणाला उसंत मिळाली नसणार. अवशेषांचे दोन मुख्य तुकडे आहेत : पुढचा भाग सरळ बसला आहे, मागचा उलटा पडला आहे.

मग कारण काय? अमेरिकी तटरक्षक दलाच्या १९७७ च्या अहवालाने बोट ठेवले ते मालाच्या कप्प्यांवरील झाकणांवर. पाण्याखालच्या छायाचित्रांत झाकणे घट्ट धरणारे बरेचसे क्लॅम्प धड दिसले; आवळलेले असते तर ते तुटले-वाकले असते, म्हणून ते नीट आवळलेलेच नव्हते, असा निष्कर्ष निघाला. अशी झाकणे २१ होती आणि प्रत्येकाला ६८ क्लॅम्प, म्हणजे चौदाशेहून अधिक क्लॅम्प हाताने आवळायचे. जहाजमालकांच्या संघटनेला हे मान्य नव्हते; तिच्या मते कॅरिबू बेटाजवळच्या उथळ पाण्यात तळ घासला असावा. खोली मोजण्याचे विद्युत यंत्र जहाजावर नव्हतेच. १९७८ मध्ये राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने लाटांच्या माऱ्याने झाकणे कोसळली, असे म्हटले, पण मंडळाच्याच एका सदस्याने उथळ पाण्याचे कारण धरून वेगळे मत नोंदवले.

मला पहिला निष्कर्ष खटकतो, आणि तो तांत्रिकदृष्ट्या चूक आहे असे म्हणण्याइतका माझा अधिकार नसला तरी खटकतो. क्लॅम्प आवळले नाहीत असे म्हणताना दोष आपोआप डेकवरच्या माणसांवर जातो आणि ती माणसे उलटतपासणीला येऊ शकत नाहीत. मालाने भरलेले जहाज पाण्यात किती खोल बसू द्यायचे, याची मर्यादा, जहाज पाण्यात उतरले त्या १९५८ नंतरच्या काळात, सैल होत गेली आणि डेक पूर्वीपेक्षा तीन फुटांहून अधिक खाली, पाण्याकडे आला, ही बाब मात्र बोलण्यात क्वचितच येते. ती मर्यादा खलाशांनी ठरवलेली नव्हती.

अँडरसनचे कप्तान बर्नी कूपर व्हाइटफिश बेमध्ये सुखरूप पोचले होते. तटरक्षक दलाने विनंती केली तेव्हा त्याच वादळात ते जहाज घेऊन पुन्हा बाहेर पडले, आणि विल्यम क्ले फोर्ड हे जहाजही शोधाला निघाले. त्यांच्या हाती लागल्या त्या मोडक्या जीवनरक्षक नौका.

१९९५ मध्ये कुटुंबीयांच्या इच्छेनुसार जहाजाची ब्राँझची घंटा वर काढण्यात आली. आज ती व्हाइटफिश पॉइंटच्या संग्रहालयात आहे आणि दर १० नोव्हेंबरला तिचे २९ टोले पडतात, मग तिसावा पडतो तो ग्रेट लेक्सवर, म्हणजे सुपीरिअर धरून तिथल्या पाच महातळ्यांवर, जीव गेलेल्या बाकीच्या सर्वांसाठी. मूळ घंटेच्या जागी, खाली अंधारात, २९ नावे कोरलेली दुसरी घंटा बसवली आहे.